साध्या मजकुराच्या नोंदवहीत यादीची खूण कोणती असावी?

द्राक्षवही | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला राहतो आणि आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. गेली सात वर्षे बागेच्या सगळ्या नोंदी मी साध्या मजकुराच्या फायलींत ठेवत आलो आहे. प्रत्येक हंगामाची एक फाइल असते आणि तिच्या डोक्यावर गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, तारीख असते. द्राक्षातला सगळा हिशेब छाटणीनंतरच्या दिवसांवर चालतो, हे इथल्या बागायतदारांना सांगायला नको. म्हणून ओळीच्या सुरुवातीला दिवसाचा आकडा इंग्रजी अंकांत, त्यापुढे टिंब आणि मग नोंद, अशी माझी पद्धत आहे.

मागच्या आठवड्यात मुलीने यंदाची फाइल फोनवर एका मार्कडाउन (साध्या मजकुरातल्या खुणांवरून याद्या, शीर्षके अशी मांडणी करण्याची पद्धत) दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडली, तेव्हा ४५, ४८ आणि ५२ या दिवसांच्या नोंदी ४५, ४६ आणि ४७ अशा दिसू लागल्या. लॅपटॉपवर तीच फाइल पाहिली तर आकडे जसेच्या तसे होते. छाटणी १० ऑक्टोबरची आहे, म्हणजे ५२वा दिवस १ डिसेंबरला येतो. फोनवर मात्र ती नोंद ४७व्या दिवसावर, म्हणजे २६ नोव्हेंबरवर जाऊन बसली होती. निर्यातीच्या बागेत शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस गेले, हे नोंदी पाहूनच सांगावे लागते. पाच दिवसांचा फरक तिथे लहान नसतो, म्हणून ही गोष्ट मनाला फार लागली.

हायफन, तारका, अधिकचे चिन्ह, गोल ठिपका, आकडे, अक्षरे यांपैकी कोणती खूण कशासाठी ठेवावी, म्हणजे ही वही आणखी वीस वर्षांनी कोणत्याही यंत्रावर उघडली तरी खरेच सांगेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

टिपणकार_गंगापूररोड | सोमवार, रात्री १०.०२

दादा, आपल्या फाइलमध्ये काही बिघडलेले नाही आणि ॲपनेही नियम मोडलेला नाही. मार्कडाउनची ही वागणूक मुद्दाम ठरवलेली आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मार्कडाउन प्रसिद्ध केले तेव्हाच त्यात असे होते की क्रमांकित यादीत आपण कोणतेही आकडे लिहिले तरी दाखवताना ते १, २, ३ असेच दिसतील. २०१४ मध्ये कॉमनमार्क या नावाने नियमांची काटेकोर मांडणी सुरू झाली आणि तीत थोडी सुधारणा झाली, ती अशी की यादीचा पहिला आकडा मानला जातो, पुढचे सगळे सोडून दिले जातात आणि मोजणी एकेकाने वाढत जाते. आपल्या ४५, ४८, ५२ चे ४५, ४६, ४७ होण्याचे कारण हेच आहे.

या नियमामागचा हेतू समजून घेण्यासारखा आहे. मध्येच एखादी बाब घातली तर लिहिणाऱ्याला खालचे सगळे आकडे पुन्हा लिहावे लागू नयेत, म्हणून क्रम लावण्याचे काम यंत्राकडे दिले गेले. म्हणजे ओळीच्या सुरुवातीचा आकडा हा तिथे फक्त जागा दाखवणारा आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही. आपला ५२ मात्र जागा दाखवत नाही, तो बागेबद्दलची माहिती सांगतो. माझे ठाम मत असे आहे की जो आकडा माहिती आहे तो खुणेच्या जागेवर कधीही लिहू नये. खूण वेगळी ठेवावी आणि आकडा मजकुरात आणावा. आपल्याच नोंदी मी अशा लिहिल्या असत्या:

- ४५वा दिवस (२४ नोव्हेंबर) डावणी रोगासाठी फवारणी
- ४८वा दिवस (२७ नोव्हेंबर) ढगाळ, पहाटे दव, फवारणी पुढे ढकलली
- ५२वा दिवस (१ डिसेंबर) मणी विरळणीला सुरुवात

हे कच्च्या फाइलमध्ये (म्हणजे जशी लिहिली तशीच) वाचा, फोनवर वाचा किंवा कागदावर छापा, ५२ हा ५२च राहील.

खुणेबद्दल म्हणाल तर मार्कडाउनमध्ये हायफन, तारका आणि अधिकचे चिन्ह या तिन्हींना समान दर्जा आहे, पण त्यांची सरमिसळ करू नये, कारण कॉमनमार्कच्या नियमाप्रमाणे खूण बदलली की तिथून नवी यादी सुरू होते. खुणेनंतर एक मोकळी जागा हवीच, नाहीतर ती यादी धरली जात नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. वर्डसारख्या प्रोग्राममधून मजकूर चिकटवला की हायफनच्या जागी अनेकदा लांब डॅश येतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण यंत्राला ती खूण ओळखता येत नाही. तिथले गोल ठिपकेही काही वेळा रिकाम्या चौकोनांच्या रूपात उतरतात.

अभ्यासिका_पंचवटी | सोमवार, रात्री ११.३५

हा धागा वाचून मी लगेच माझ्या इतिहासाच्या नोंदी उघडल्या आणि छातीत धस्स झाले. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. नाशिकच्या इतिहासाची सनावळी मी वर्ष, टिंब आणि घटना अशी लिहिली होती. त्यात १८६९ मध्ये नाशिक जिल्ह्याची निर्मिती, १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी केलेला जॅक्सनचा वध आणि १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह या ओळी एकाखाली एक आहेत. टॅबवर त्या १८६९, १८७० आणि १८७१ अशा दिसत आहेत. पाठांतर टॅबवरूनच चालते. या तीन सनांची चूक माझ्या लक्षात आली असती, पण तुलनेने अनोळखी कायद्यांची आणि आयोगांची वर्षे मी तशीच पाठ केली असती.

आता सगळीकडे हायफन आणि त्यापुढे वर्ष असे करते आहे. सर, माझा एकच प्रश्न आहे. वर्षे देवनागरी अंकांत लिहिली तर हा त्रास मुळातच होणार नाही का?

टिपणकार_गंगापूररोड | मंगळवार, सकाळी ७.२०

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. कॉमनमार्क यादीचा आकडा म्हणून फक्त इंग्रजी शून्य ते नऊ हेच अंक ओळखते. देवनागरी १९०९ आणि टिंब लिहिले तर त्याला तो साधा मजकूर वाटतो आणि आकडा बदलत नाही. पण यादीच नाही म्हटल्यावर एकाखाली एक लिहिलेल्या ओळी दाखवताना सलग जोडल्या जातात आणि अख्खी सनावळी एका परिच्छेदात गोळा होते. आकडा वाचतो, पण मांडणी जाते. म्हणून देवनागरी अंक अवश्य वापरावेत, मात्र त्यांच्या आधी हायफन आणि मोकळी जागा द्यावी. दोन्ही गोष्टी साधतात.

ज्यांना खरोखर क्रमांकित यादी हवी आहे आणि ती वेबपानावर देवनागरी अंकांत दिसावी अशी इच्छा आहे, त्यांनी फाइलमध्ये इंग्रजी अंक ठेवून पानाच्या सीएसएसमध्ये (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) यादीचा प्रकार देवनागरी असा नेमून द्यावा. ती सोय ब्राउझरमध्ये तयारच असते.

फळा_खडू | मंगळवार, दुपारी १२.४५

मी निवृत्त शिक्षिका आहे. मराठी विषय शिकवण्यात आयुष्य गेले आणि आता शाळेच्या जुन्या कागदांच्या नोंदी घरी संगणकावर उतरवून काढते. वरची चर्चा चांगली चालली आहे, पण तीत मराठी कळफलकाचा विचार कोणी केलेला दिसला नाही, म्हणून लिहिते.

मी इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टंकते. इंग्रजीत शिफ्ट आणि आठ दाबले की तारका येते, तिथे माझ्याकडे श्र उमटतो. अधिकच्या चिन्हाच्या कळीवर ऋ आहे. म्हणजे टिपणकारांनी सांगितलेल्या तीन खुणांपैकी मराठी लिहिता लिहिता, भाषा न बदलता, मला फक्त हायफन मिळतो. दर ओळीला कळफलक इंग्रजीत नेऊन परत मराठीत आणायचा म्हटले तर चाळीस ओळींच्या यादीत ऐंशी वेळा बदल करावा लागतो, आणि एखाद्या वेळी विसरले की पुढचा अख्खा शब्द इंग्रजी अक्षरांत उमटतो. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी हायफन घ्यावा, याला एवढे एकच कारण पुरेसे आहे असे मला वाटते.

याच कळफलकामुळे एक मोठी चूक सर्वत्र पसरली आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. पुढे तपशील येणार असला की मराठीत अपूर्णविराम देतात, म्हणजे एकावर एक असे दोन ठिपके. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळीवर छ असतो. म्हणून पुष्कळ लोक हायफनच्या कळीवर शिफ्ट दाबून विसर्ग टाकतात, कारण तोही दोन ठिपक्यांसारखाच दिसतो. पण विसर्ग हा उच्चाराचा भाग आहे. तो आधीच्या अक्षराला चिकटतो आणि शब्दच बदलून टाकतो. ‘दिनांक’ हा शब्द विसर्ग जोडून लिहिला आणि नंतर संपूर्ण शब्द म्हणून शोधला, तर काही प्रोग्राम तो सापडत नाही म्हणतात. शाळेच्या एका जुन्या रजिस्टरच्या फाइलमध्ये मला अशा दोनशेहून अधिक जागा सापडल्या आणि त्या दुरुस्त करायला तीन दुपारी गेल्या. अपूर्णविराम मिळत नसेल तर कंस वापरावा, तो मराठी कळफलकावर आहे. वर टिपणकारांनी तारीख कंसात घातली आहे, ते मला त्यासाठीच आवडले.

अक्षरांच्या याद्यांविषयीही सावध राहावे. आपल्याकडे दोन क्रम रूढ आहेत. शाळेच्या तुकड्या आणि अनेक सरकारी कागद अ, ब, क, ड असे चालतात. व्यंजनांचा क्रम मात्र क, ख, ग, घ असा आहे. पहिल्यात क तिसरा येतो, दुसऱ्यात पहिला. एकाच वहीत दोन्ही आले की ‘क मधला मुद्दा पाहा’ या वाक्याला अर्थ राहत नाही. मी स्वतः अक्षरे फक्त पोटमुद्द्यांना देते आणि नेहमी अ, आ, इ, ई असाच क्रम ठेवते.

जाता जाता एक सांगते. आपल्या पोथ्यांत ओवीचा किंवा अभंगातल्या कडव्याचा आकडा सुरुवातीला नसतो, तो ओवी किंवा कडवे संपल्यावर दुहेरी दंडांच्या मध्ये येतो, ॥१॥ असा.  आकडा ओळीच्या अग्रभागीच हवा, ही सवय आपल्याला नंतर लागली.

सातपूर_टूलरूम | मंगळवार, रात्री ८.३०

बाईंचे कळफलकाचे निरीक्षण शंभर टक्के पटले. पण सगळीकडे हायफनच घालावा असा सूर लागू लागला आहे, त्याला माझा विरोध आहे. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. यंत्र सुरू करण्याच्या, डाय बदलण्याच्या आणि बंद करण्याच्या कृती आम्ही साध्या मजकुरात लिहून ठेवतो. रात्रपाळीचा ऑपरेटर फोन करून ‘सातव्या पायरीला अडलो आहे’ असे सांगतो, तेव्हा मी घरी असलो तरी मला त्याच क्षणी कळते की हवेचा दाब सोडला आहे की नाही. तिथे हायफन असते तर तो म्हणाला असता, ‘वरून सहावी का सातवी ओळ आहे’, आणि मी चुकीची सूचना दिली असती. जिथे क्रम मोडला तर बोट जाऊ शकते, तिथे आकडाच हवा.

काही जण प्रत्येक पायरीला इंग्रजी एकच लिहावा, क्रम यंत्र लावेल, असा सल्ला देतात. मध्ये पायरी वाढवली तर बाकीच्या ओळी न बदलता राहतात, हा त्यातला फायदा मला मान्य आहे. पण आमच्याकडे फाइल कच्चीच वाचली जाते, भिंतीवर कच्चीच छापून लावली जाते. चौदा ओळी आणि चौदाही ठिकाणी एक, असा कागद पाहून माणूस काय करणार? आकडे हाताने लिहावेत आणि बदल झाला की हातानेच पुन्हा लिहावेत, असे मी म्हणतो. तेवढा त्रास घेताना कृती एकदा नजरेखालूनही जाते.

एका चुकीची माहिती इथे देतो, कारण ती शोधायला मला फार वेळ लागला. पायरीखाली पोटमुद्दे देताना मी तीन जागा सोडून हायफन देत होतो. नवव्या पायरीपर्यंत सगळे ठीक दिसले. दहाव्या पायरीपासून पोटमुद्दे बाहेर आले आणि मूळ यादी तिथेच तुटली. पोटमुद्दा हा मूळ ओळीतला मजकूर जिथे सुरू होतो त्याच्या खाली यावा लागतो, आणि दहा हा आकडा दोन अंकी असल्यामुळे मजकूर एक घर पुढे सरकतो, म्हणजे तिथे चार जागा लागतात. तेव्हापासून मी एक अंकी पायरीखालीसुद्धा चारच जागा देतो, दोन्हीकडे चालते. टॅबची कळ मात्र वापरत नाही, कारण मजकूर लिहिण्याच्या एका प्रोग्राममध्ये ती चार घरांची असते आणि दुसऱ्यात आठ.

टिपणकार_गंगापूररोड | मंगळवार, रात्री ९.१५

मी माझे म्हणणे सुधारून घेतो. आपल्या यादीत क्रम हीच माहिती आहे आणि त्या आकड्याने दुसरा माणूस त्या ओळीचा निर्देश करतो, म्हणून तिथे आकडा खुणेच्या जागी योग्यच बसतो. द्राक्षवहींच्या आणि पंचवटीच्या ताईंच्या नोंदींत आकडा क्रमाचा नव्हता, दिवसाचा आणि वर्षाचा होता. फरक एवढाच आहे, पण तो यादी सुरू करण्याआधी ठरवावा लागतो.

मखमलाबाद_नोंदी | बुधवार, सकाळी ६.५०

मी इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममधील ऑर्गमोड ही नोंदी ठेवण्याची सोय वापरतो, जी कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केली. तिथेही आकड्यांची हीच अडचण आहे, किंबहुना जास्त आहे, कारण ऑर्ग यादी दुरुस्त करताना फाइलमधले मूळ आकडेच बदलून टाकते. मार्कडाउन फक्त दाखवताना बदलते. त्यामुळे दिवसांची वही ऑर्गमध्ये आकड्यांनी सुरू करू नये, हे द्राक्षवहींना आवर्जून सांगतो. ऑर्गमध्ये संज्ञा आणि स्पष्टीकरण यांची वेगळी यादी असते. हायफन, मग ‘५२वा दिवस’, मग अपूर्णविराम दोनदा, मग नोंद. अशा नोंदींना ती रचना चपखल बसते. तारका मात्र ओळीच्या अगदी सुरुवातीला दिली तर ऑर्ग तिला शीर्षक समजते, म्हणून तिथेही हायफनच बरा.

राहिलेल्या कामांसाठी हायफनपुढे चौकोनी कंसाची रिकामी जोडी देतात, ती ऑर्गलाही समजते आणि मार्कडाउनच्या बऱ्याच ॲपनाही समजते.

फळा_खडू | बुधवार, सकाळी १०.०५

चौकोनी कंसाच्या कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये ड आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आहेत. मी गोल कंसाची रिकामी जोडी लिहिते आणि काम झाले की तिच्यात ‘झाले’ असे लिहिते. ॲपला ते समजत नाही, पण रिकामी जोडी शोधली की राहिलेली सगळी कामे एकदम समोर येतात, आणि माझे तेवढ्यावर भागते.

द्राक्षवही | गुरुवार, रात्री १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री बसून सातही हंगामांच्या फायली बदलल्या. काय केले आणि काय अडले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

ओळीच्या सुरुवातीचा आकडा आणि टिंब शोधून त्याजागी हायफन, आकडा आणि ‘वा दिवस’ असे एकदम बदलायला सांगितले. पहिल्याच फाइलमध्ये गोंधळ झाला, कारण औषधाच्या प्रमाणाच्या काही ओळी अडीच मिली, दीड ग्रॅम अशा दशांश आकड्यांनी सुरू होत होत्या आणि त्यांतलेही टिंब बदलले गेले. सुदैवाने प्रत आधी काढून ठेवली होती. दुसऱ्या खेपेला टिंबानंतर मोकळी जागा असेल तरच बदल करावा, अशी अट घातली, तेव्हा दशांश वाचले. ‘वा दिवस’ सगळीकडे बसत नाही, पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा हाताने करावे लागले.

फवारणी करणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोजचे काम पाठवतो. तिथेही हायफनचाच उपयोग झाला. २०२४ पासून व्हॉट्सॲपवर ओळीच्या सुरुवातीला हायफन आणि जागा दिली की यादी बनते. दोन तारकांमधली अक्षरे मात्र तिथे ठळक होतात, आणि मी गुणाकारासाठी तारका वापरत असल्यामुळे पाण्याच्या हिशेबातली एक ओळ मागे अर्धी ठळक होऊन गेली होती. आता गुणिले असा शब्दच लिहितो. टाकी भरण्याची आणि औषध मिसळण्याची कृती मात्र सातपूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आकडे घालून पाठवतो, कारण तिथे मागचे पुढे झालेले चालत नाही.

टिपणकारांच्या नमुन्याप्रमाणे प्रत्येक ओळीत दिवसासोबत तारीखही कंसात घातली. त्यासाठी छाटणीच्या तारखेपासून दिवस पुन्हा मोजावे लागले, आणि जिथे नोंदीत सण, पाऊस किंवा बिलाचा उल्लेख होता तिथे तारीख ताडून पाहता आली. यंदाच्या फाइलमध्ये सगळे जुळले. तीन वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये मात्र ६०व्या दिवसानंतरच्या चार नोंदी एक दिवसाने पुढे आहेत, आणि ती चूक कोणत्याही ॲपची नाही, माझ्याच हातची आहे. त्या हंगामातली औषधांची बिले कपाटात आहेत. उद्या बागेतून आल्यावर ती काढून एकेक ओळ तपासायला बसणार आहे.